‘सर, आज हा जम्प नको’ असं पोराला म्हणता आलं पाहिजे: मोटोक्रॉस आणि मुलांचा स्वभाव

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही म्हणताय ते असं, की मुलगा अकरा वर्षांचा, मोबाईलवर मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीच्या चढ-उताराच्या ट्रॅकवर बाईक उडवत केलेल्या रेसचे, व्हिडिओ बघून बघून वेडा झालाय, मिस्टर म्हणतात घालूया, धीट होईल, शिस्त लागेल, आणि तुमचं म्हणणं की पोरगं आधीच तापट, हरलं की बॅट आपटतं, कराटे दोन महिन्यांत सोडलं, स्केटिंग पण सोडलं, मग हातपाय मोडून घ्यायचं हे नवीन कशाला. आणि शेवटी विचारलंय की यानं मुलं खरंच घडतात का, की रेसवाले नुसतं बोलतात.

मी सातारा-कोल्हापूर भागात वीस-बावीस वर्षं डर्टवर आहे. आधी स्वतः रेस करायचो, आता बारा-तेरा वर्षं पोरं शिकवतोय. त्यामुळे माझं उत्तर ‘हो’च असणार असं तुम्हाला वाटत असेल. हो आहे, पण अर्धं. ट्रॅकवर येऊन शांत, समजूतदार झालेली पोरं मी बघितलीत आणि त्याच ट्रॅकवर, तशाच गाड्यांवर, माझ्याच हाताखाली आणखी हट्टी झालेली, खोटं बोलायला शिकलेली पोरं पण बघितलीत. फरक कुठे पडतो हे कळायला मला बरीच वर्षं लागली. पोरगं ट्रॅकवर असताना आजूबाजूची मोठी माणसं, म्हणजे मी धरून, त्याच्याकडून काय मागतात यावर सगळं ठरतं. म्हणून तुमच्या मुलाचा स्वभाव कसा आहे याच्या आधी तुम्ही दोघं तिथे कसे वागणार आहात हे बघायला लागेल.

आधी जम्पचं सांगतो, कारण माझ्या मते या खेळातली खरी शाळा तिथे आहे.

पोरांना सुरुवातीला दोन प्रकारचे जम्प भेटतात. एक टेबलटॉप, म्हणजे चढण, मग सपाट माथा, मग उतार. इथे कमी पडलात तर माथ्यावरच उतरता, आदळतं पण निभावतं. दुसरा डबल, म्हणजे दोन ढिगारे आणि मधे खड्डा. इथे कमी पडलात तर पुढचं चाक थेट समोरच्या ढिगाऱ्यात जातं. आता डबल घ्यायचा तर वेग आधीच्या कॉर्नरमधून बाहेर पडतानाच लागतो. चढणीवर आल्यावर मन बदललं आणि एकदम थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडला की हवेत गाडीचं नाक खाली जातं, त्यातनं सावरणं फार अवघड. म्हणजे मारायचा की नाही हे पोरानं कॉर्नरमध्येच ठरवलेलं असायला पाहिजे, आणि ठरवताना स्वतःशी खरं बोलायला पाहिजे. मला हा जमतो का? मागच्या वेळी जमला होता की नशिबानं वाचलो होतो? आज हात भरून आलेत का? सकाळी टँकरनं पाणी मारलंय, चढण अजून ओली आहे का?

दहा-अकरा वर्षांच्या पोराला असे प्रश्न दुसरीकडे कुठे पडतात सांगा. घरी आपण ठरवतो, शाळेत बाई ठरवतात. इथे दर फेरीला ते एकटं असतं आणि दर फेरीला ठरवायचं असतं. पण याचा उपयोग कधी, तर त्याला ‘नको’ म्हणायची मुभा असेल तेव्हाच. जम्प न मारता हळू चढून हळू उतरायचं याला आम्ही रोल करणं म्हणतो. रोल करण्याची लाज वाटायला लागली की ही सगळी शाळा तिथेच बंद पडते.

कराडकडचा एक पोरगा होता, बारा वर्षांचा, ६५ सीसीवर चालवायचा. त्यानं डबल तीन रविवार रोल केला. बाकीची पोरं वरून उडी मारून पुढे जायची, चिडवायची पण. चौथ्या रविवारी आला आणि म्हणाला, सर आज कॉर्नरमध्ये सेकंड गिअरच ठेवतो, मग होईल. तीन आठवडे तो नुसता घाबरून फिरत नव्हता तर गाडी कुठे कमी पडतेय ते बघत होता, कॉर्नरमध्येच थर्ड टाकल्यामुळे बाहेर पडताना गाडी ओढत नाही हे त्याचं त्यानं शोधलं होतं. त्या दिवशी मारला आणि नीट मारला. त्याचे वडील ते तीन आठवडे एक शब्द बोलले नव्हते, लिंबाच्या झाडाखाली पेपर वाचत बसायचे. त्या पोराच्या शिकण्यात माझा वाटा फार तर निम्मा, बाकीचा त्यांच्या गप्प बसण्याचा.

याच्या उलट मी स्वतः काय केलं ते पण सांगतो, ते लपवून तुम्हाला सल्ला देणं बरोबर नाही. शिकवायला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत एक पोरगा जम्पच्या आधी दोनदा स्लो झाला. तोंडानं काही बोलला नाही पण स्लो झाला म्हणजे नकोच म्हणत होता. मी कडेला उभा राहून हात हलवून ‘मार मार, मी आहे ना’ केलं. तो माझ्यासाठी मारायला गेला, चढणीवर घाबरला, थ्रॉटल सोडला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. हाड जुळलं, पण नंतर तो मला कधी खरं सांगेना. जमतंय का? हो सर. दुखतंय का? नाही सर. वर्षभरानं सोडून गेला. मी त्याला धीट करायला निघालो होतो आणि शिकवलं काय, तर मोठ्या माणसाला हवं ते उत्तर द्यायला. तेव्हापासून माझा नियम आहे, मी पोराला ‘थांब’ म्हणू शकतो, ‘मार’ कधीच म्हणत नाही. तुम्ही ट्रेनर शोधायला जाल तेव्हा एक दिवस नुसतं बघत बसा आणि एवढंच बघा की तो ‘मार’ म्हणून ओरडतो का.

आता तापटपणा. इथे हा खेळ खरंच कामाचा आहे, आणि त्याचं कारण अगदी शरीरातलं आहे. राग आला की पोरगं हँडल आवळतं. हँडल आवळलं की थोड्या वेळात कोपराच्या पुढचा हात दगडासारखा होतो, त्याला आर्म पंप म्हणतात, मग ब्रेक-क्लच नीट दाबता येत नाही. रागात जास्त थ्रॉटल दिला की मागचं चाक जागच्या जागी माती उडवतं आणि शेजारचं शांत पोरगं निघून जातं. म्हणजे चिडलं की लगेच मागे पडतं, आई-बाबांना काही बोलायलाच लागत नाही. मी पण कधी ‘शांत हो’ म्हणत नाही, चिडलेल्याला शांत हो म्हणून कोण शांत झालंय? मी फक्त ‘गुडघे!’ असं ओरडतो. टाकी गुडघ्यांनी आवळली की हात सुटतात, हात सुटले की श्वास येतो, दोन कॉर्नर गेले की पोरगं परत जागेवर.

पडल्यावरचं पण तसंच. रेस सुरू होताना पुढचं गेट पडलं की सगळी एकदम पहिल्या कॉर्नरला घुसतात, तिथे तीन-चार जण हमखास पडतात. ६५ सीसी गाडी पन्नास किलोच्या वर असते, पोरगं स्वतः पस्तीस-चाळीसचं. ती उचलायची, हँडल सरळ करायचं, किक मारायची, आणि सगळे पुढे गेलेत हे दिसत असताना शेवटून सुरू करायचं. पहिल्या महिन्यात पोरं रडतात, गाडी तिथेच टाकून येतात, हेल्मेट फेकतात. फेकू दे. तुम्ही फक्त आत पळत जाऊ नका. लागलंय का ते बघायला मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडा घेऊन उभा असलेला माणूस, असतो, बोलवलं तरच जायचं.

पण एक खरं सांगतो, ट्रॅकवर शांत झालेलं पोरगं घरी पण शांत होईल याची गॅरंटी मी देत नाही. गाडीवर एकदम समजूतदार आणि घरी भावंडांशी तेच जुनं, असे दोघे-तिघे माझ्याकडे होते. ज्यांच्या घरात हरल्यावर ‘किती नंबर आला’च्या आधी ‘आज कसं वाटलं’ विचारलं जायचं, त्यांच्यात मात्र तो बदल घरापर्यंत गेलेला बघितलाय.

मधेच सोडून देण्याबद्दल. इथे तुम्हाला लवकर कळेल, कारण दिवसभरात पोरगं गाडीवर असतं सगळं मिळून तासभर, बाकी वेळ गाडीची सेवा. चिखल धुवायचा, चेन साफ करून ऑइल, स्पोक सैल झालेत का बघायचे, एअर फिल्टर काढून धुवायचा, वाळवायचा, फिल्टर ऑइल लावून परत बसवायचा. एअर फिल्टर चुकला तर आपल्याकडची मुरमाची धूळ आत जाऊन पिस्टन-सिलिंडर खाते. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळायचं, अंदाजपंचे चालत नाही. या गाड्यांचं सर्व्हिसिंग किलोमीटरवर नसतं, तासांवर असतं, म्हणून तासांची वही ठेवायची. माझ्याकडे ही वही पोरगं लिहितं, बाप नाही. आणि फिल्टर बापानं धुतला तर त्या रविवारी पोरगं चालवत नाही. यावरून पालकांशी भांडणं झालीत माझी, ‘सर एवढे पैसे भरतो आम्ही’ वगैरे, पण मी यात मागे हटत नाही. मेकॅनिक गाडी तयार करून देतो, पोरगं येऊन बसतं, चालवतं, उतरतं आणि मोबाईल घेतं, अशातनं काही घडत नाही, नुसती खर्चिक हौस होते. तुमच्या मुलाची खरी परीक्षा इथे आहे. दोन महिने फिल्टर धुवायला टिकला तर पुढे टिकेल.

मग झेंडे. हा भाग मोठ्यांनाच जास्त अवघड जातो. पिवळा झेंडा हलत असेल तर ओव्हरटेक नाही आणि जम्प मारायचा नाही, कारण जम्पच्या पलीकडे कोण पडलंय ते अलीकडून दिसतच नाही. एका लोकल रेसला आमची तेरा वर्षांची पोरगी दुसरी चालली होती, टेबलटॉपच्या पलीकडे एक जण पडला होता, मार्शल पिवळा हलवत होता. तिनं रोल केला. मागच्या दोघांनी उडी मारली आणि तिच्या पुढे गेले. पडलेला पोरगा कडेला सरकला होता म्हणून निभावलं. प्रोटेस्ट केला, काही झालं नाही. ती चौथी आली आणि खूप रडली. तिच्या वडिलांनी त्या दिवशी परत जाताना तिला कोल्हापूरला थांबून मिसळ खायला घातली, चौथ्या नंबरची म्हणून, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. मी तिच्याशी यावर काहीच बोललो नव्हतो. पुढच्या रेसला पुन्हा पिवळा आला, पुन्हा तिनं रोल केला.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही. ट्रॅक दोन-अडीच तासांच्या पुढे असेल तर दर रविवारी जमत नाही आणि महिन्यातून एकदा चालवणारं पोरगं जास्त पडतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा ट्रॅक असेल तर विसरा, चाकांत चिखल गोळा होऊन ती अडकतात, आमचं खरं काम दिवाळीनंतर सुरू होतं, मुरमाच्या ट्रॅकवर थोडं आधी. पैशाचं म्हणाल तर केटीएम, कावासाकीच्या लहान मुलांच्या खऱ्या मोटोक्रॉस गाड्या बाहेरून येतात, महाग असतात, पार्ट वेळेवर मिळतीलच असं नाही. म्हणून पहिले सहा महिने गाडी घेऊच नका, जिथे शिकायला गाडी देतात तिथे जा. पैसे आधी हेल्मेट, गॉगल, चेस्ट प्रोटेक्टर, नेक ब्रेस, गुडघ्याचे गार्ड आणि बूट यावर घाला. बूट तर मुद्दाम सांगतो, घोटा आणि नडगी तिथेच वाचते. ‘वाढतं पोर आहे’ म्हणून दोन नंबर मोठं हेल्मेट घ्यायचं नाही, आणि गाडी पण मोठी घ्यायची नाही. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले पाहिजेत. अकराव्या वर्षी साधारण ६५ पुरते, उंच असेल तर ८५ चा विचार. बापाला वाटतं एकदम ८५ घेऊ, दोन वर्षं जास्त चालेल. त्या दोन वर्षांत पोरगं गाडीला घाबरायला शिकतं.

इजेबद्दल तुमची भीती खोटी नाही. कॉलरबोन, मनगट, हे या खेळात होतं, मी कितीही चांगलं शिकवलं तरी होतं. अनुभवानं धोका कमी होतो, संपत नाही. सी. एस. संतोष, डकार रॅली (वाळवंटातली बरेच दिवस चालणारी लांब पल्ल्याची रेस) पूर्ण करणारा पहिला भारतीय, २०१५ साली, आपल्या सुपरक्रॉसमधनंच (मोटोक्रॉसचाच भाऊ, पण स्टेडियमसारख्या जागेत बांधलेल्या ट्रॅकवरचा) वर आलेला माणूस, त्याचा २०२१ च्या डकारमध्ये डोक्याला मार बसून गंभीर अपघात झाला, कोमात ठेवायला लागलं होतं. सुदैवानं तो बरा झाला. हे घाबरवायला सांगत नाही, मुलाला पाठवताना हे माहीत असून पाठवा म्हणून सांगतोय. घरात एक नियम पक्का करा, डोकं आपटलं आणि नंतर उलटी, डोकेदुखी, झापड, तोच तोच प्रश्न विचारणं यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी परत गाडी नाही, डॉक्टर, आणि डॉक्टरनं हो म्हटल्याशिवाय पुढच्या रविवारी पण नाही. मार बसलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं. प्रॅक्टिसला किंवा रेसला ॲम्ब्युलन्स उभी नसेल तर गाडी पिकअपमधनं उतरवायची सुद्धा नाही. लोकल रेसला हे मुद्दाम बघा, आणि रेस एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) परवानगीची आहे का ते पण विचारा.

आणि हो, गाडी ट्रॅकपर्यंत पिकअप किंवा ट्रॉलीतूनच न्यायची. ‘कॉलनीतच एक राउंड’ असं काही नाही. रस्त्यावर चालवताना पकडलं तर २०१९ च्या कायद्यातल्या बदलानंतर पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि कायद्याचं सोडा, ट्रॅकवर चार महिने शिकवलेली शिस्त त्या एका राउंडला संपते.

मिस्टरांच्या डोक्यात करिअर असेल तर तेही स्पष्ट बोलून घ्या. आपल्याकडे या खेळाला बरे दिवस येतायत. जानेवारी २०२४ ला पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली रेस झाली, परदेशी रायडर आपल्या मातीवर चालवताना पोरांनी समोर बघितले, माझी पोरं तर आठवडाभर त्याच गप्पा मारत होती. त्याच वर्षी हरिथ नोआनं डकारमध्ये रॅली २ क्लास (तिथल्या बाईकवाल्यांचा एक गट) जिंकला, असा क्लास जिंकणारा पहिला भारतीय, तोही नॅशनल सुपरक्रॉस चॅम्पियन होऊन तिकडे गेलेला. पण ही वर्षानुवर्षांची वाट आहे आणि त्यावर पोचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी आहेत. अकरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर आत्ताच ते ठेवलं तर ते रोल करायच्या जागी उडी मारणार, बाबांसाठी. मग आपण परत त्याच माझ्या मनगट मोडलेल्या पोरापाशी येतो.

माझं मत विचाराल तर पाठवा, तुम्ही लिहिलंय तसा मुलगा मला आवडेल शिकवायला. जो हरल्यावर बॅट फेकतो त्याला निदान हरणं लागतं तरी, ज्याला काहीच लागत नाही त्याला शिकवणं जास्त अवघड. फक्त सहा महिने रेस नाही, नुसती प्रॅक्टिस, आणि घरात आधीच बोलून ठेवा की सहा महिन्यांनी त्याला नको वाटलं तर ‘एवढा खर्च केला’ हे वाक्य कोणी उच्चारणार नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही पण जा, घरी बसून काळजी करण्यापेक्षा समोर बघितलेलं बरं. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, भरपूर पाणी, केळी, आणि सावलीला काहीतरी, ट्रॅकवर सावली नसतेच. मिस्टरांना सांगा स्टॉपवॉच घरी ठेवा आणि दोरीजवळ उभं राहू नका. पोरगं गाडी बंद करून आलं की पहिली दहा मिनिटं दोघांनीही काही विचारायचं नाही. पाणी द्या, हेल्मेट काढायला मदत करा, बसू दे. ते आपणहून बोलायला लागेल, आणि जर म्हणालं की आज तो मोठा जम्प रोल केला, तर ‘बरं’ म्हणा.